चाळीस सेकंदांचा कंदील

सातारा
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

प्रिय धनूदादा,

जय जिनेंद्र. सुंदरीवहिनींना नमस्कार सांग. त्यांनी काल निघताना बांधून दिलेल्या शेंगांच्या पोळ्या इस्लामपूर यायच्या आत संपल्या. तुझा डावा गुडघा काल मंडपाच्या पायऱ्या चढताना दुखत होता, ते मी पाहिलं. मिरजेला दाखवून ये. दुखणं अंगावर काढण्याची अण्णांची सवय तू नेमकी उचलली आहेस.

हे सगळं फोनवर बोलता आलं असतं. पण फोनवर मी दोन वाक्यं बोलले की तू "बरं बरं, बघू" म्हणतोस आणि विषय संपतो. कागदाला तसं म्हणता येत नाही. म्हणून लिहिते आहे, आणि काल रात्रभर मनात घोळवून आज सकाळी सावधपणे लिहिते आहे, म्हणजे रागाच्या भरात लिहिलं असं तुला म्हणता येऊ नये. राग आहेच. तो आज सकाळीही तेवढाच आहे.

शिवांजलीचं हे काम काय होतं, ते तू कधी नीट ऐकून घेतलं नाहीस. "पोरांचा मोबाइलचा खेळ" म्हणत राहिलास. म्हणून एकदा सांगते.

शिवांजली वडूजची. आमच्या कॉलेजात डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला आहे. मी इतिहास शिकवते, त्यामुळे मजकुरापुरती मार्गदर्शक म्हणून तिच्या प्रकल्पावर माझी सही आहे. हरिपूरच्या हळदीच्या पेवांवर काही करावं, हे मीच तिला सुचवलं. वडूजच्या मुलीला पेव म्हणजे काय हे माहीत नव्हतं. जमिनीत वीस-पंचवीस फूट खोल, घागरीसारखं, वर तोंड लहान आणि आत ऐसपैस; त्यात हळद भरून तोंड मातीनं लिंपलं की वर्षानुवर्षं कीड लागत नाही, असं सांगितल्यावर ती म्हणाली, "मॅडम, कीड का लागत नाही?" मी म्हटलं, आत हवाच राहत नाही. ती म्हणाली, "मग माणूस कसा उतरतो?" पहिल्या पाच मिनिटांत तिनं नेमका तो प्रश्न विचारला.

पुरानंतर पेवं बहुतेक खचली, बुजली. एक धड सापडलं, त्याचे तिनं चारशे फोटो काढले आणि त्यांतून संगणकावर आख्खं पेव उभं केलं. ते इतकं जड झालं की कुठल्याच फोनवर उघडेना. दोन महिने ती नुसती त्याचं वजन उतरवत होती, कारण तिचा हट्ट होता की हे हमालाच्या साध्या फोनवरही उघडलं पाहिजे आणि त्यासाठी कुठलं अॅप घ्यावं लागता कामा नये. पाटीवरच्या चौकोनी कोडवर कॅमेरा धरायचा, ब्राउझरमध्ये एक पान उघडतं. फोन जमिनीकडे धरला की स्क्रीनवर मातीवर एक गोल कडी दिसते. तिला बोट लावलं की तुझ्या पायांपुढची जमीन उघडते आणि खाली पेव. हातभर पुढं सरकलास तर काठावरून आत डोकावल्यासारखं दिसतं. आयफोनवर जमीन उघडत नाही, तिथं नुसतं चित्र फिरवून बघावं लागतं. त्याचं तिला अजून वाईट वाटतं. कॉलेजात डोळ्यांवर चढवायचा एक संच आहे, तो लावला तर थेट पेवाच्या तळाशी उभं राहिल्यासारखं वाटतं.

पण आत उतरण्याआधी कंदील. पेवात उतरून हळद काढण्यात जन्म गेलेल्या हरिबानं तिला सांगितलेली पहिली गोष्ट हीच होती. पेव फोडलं की अर्धा दिवस तोंड उघडं ठेवायचं, मग दोरीनं कंदील सोडायचा. तो तळाशी जळत राहिला तरच माणूस उतरतो. तिनं ते तसंच केलं. तुम्ही बोटानं कंदील सोडता, आणि चाळीस सेकंद बघत उभे राहता. त्या चाळीस सेकंदांत हरिबाचा आवाज ऐकू येतो. काही वेळा ज्योत बारीक होते आणि विझते. मग पान तुम्हांला उतरूच देत नाही. "आत हवा नाही. थांबा." एवढीच अक्षरं येतात. परत फिरायचं, दुसऱ्यांदा यायचं. आमच्या स्टाफरूममध्ये एक बाई यावर रागावल्या होत्या, म्हणाल्या, "हे काय, माझा नंबरच लागला नाही." मला वाटलं, जमलं. इतिहासाचा तास घेऊन मला जे वीस वर्षांत सांगता आलं नाही, ते या मुलीनं एका न उघडणाऱ्या पानानं सांगितलं.

आणि काल तू फीत कापलीस, तुझ्या पैशानं केलेल्या, आपल्या हळदीच्या पेढीचं नाव घातलेल्या बारा पाट्या नदीकाठी उभ्या होत्या, मी पहिल्या पाटीवर फोन धरला. जमीन उघडली आणि मी सरळ आत. कंदील नाही, थांबणं नाही, हरिबा नाही. सनईसारखं काहीतरी वाजत होतं. हळद सोन्यासारखी चमकत होती. खऱ्या पेवातली हळद कधी अशी चमकते का रे? आणि उजव्या कोपऱ्यात बॅटरीचं चित्र. ते दाबलं की झोत पडतो आणि हवं तिथं बघता येतं.

शिवांजली माझ्याशेजारी उभी होती. आदल्या दिवशी तू नेमलेल्या पुण्याच्या कंपनीच्या माणसानं तिला फोन करून "उद्घाटनापुरतं पाटीवरचा पत्ता आमच्या पानाकडे वळव" म्हणून सांगितलं होतं. त्यांनी रंग सुधारले असतील असं समजून तिनं वळवला. तिचा चेहरा बघवत नव्हता.

हरिबा पांढरा सदरा घालून शेवटच्या रांगेत बसला होता. तिनं त्याच्या हातात फोन दिला. त्यानं बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "कंदील कुटं हाय गं?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "काढलाय, हरिबा."

"मग ही समदी मानसं मरनार की," तो म्हणाला आणि फोन परत दिला.

ते ऐकून पुढच्या रांगेतले दोघं-तिघं हसले. हरिबा विनोद करत नव्हता. आणि त्यानंतर तू माइकवर गेलास आणि म्हणालास, आमच्या पेढीच्या साठ वर्षांत एकाही पेवात एकही अपघात झालेला नाही. दादा, तू हे वाक्य त्याच्यासमोर म्हणालास. जोतिबाच्या सख्ख्या भावासमोर. खाली बसलेल्यांत पन्नाशीच्या वरचं प्रत्येक माणूस जोतिबा कुठं मेला ते जाणतं, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तू कागद बघून बोलत नव्हतास, म्हणजे ते वाक्य तुला पाठ होतं.

मी काय मागते ते लिहिते. अठ्ठावीस तारखेला शिवांजलीचे परीक्षक येणार आहेत, ते हरिपूरला पाटीसमोर उभे राहून काम बघणार आहेत. त्याआधी कंदील आणि हरिबाचा आवाज परत आला पाहिजे. तुमचं पान तुम्हांला हवं तर पेढीच्या वेबसाइटवर ठेवा. कालच मंडपात प्राचार्य तिला म्हणाले, "प्रायोजकांचंच पान दाखव, काय बिघडतं?" एका मुलीचं दीड वर्षाचं काम पुसून वर तिच्याकडूनच ते सादर करून घ्यायचं, यात काही बिघडत नाही असं मानणारी माणसं आपली कॉलेजं चालवतात.

आणि बाकी काही नाही तरी ते बॅटरीचं चित्र आधी काढ. उद्याच्या उद्या काढ.

तुझी बहीण,
चंदना


सातारा
शनिवार, १५ फेब्रुवारी

दादा,

पत्र मिळालं हे तुझ्या फोनवरून कळलं. आठ मिनिटं बोललास. मी सवयीनं तुझं बोलणं डायरीत उतरवून ठेवलं, त्यातलंच इथं लिहिते, म्हणजे मी पदरचं घातलं असं होणार नाही.

आधी तू म्हणालास, "थांबतंय कोण चाळीस सेकंद? लोक रील बघणारी. पोरीला म्हणावं, जरा जगाकडं बघ."

मग, "हरिबाला मी काय कमी केलंय? पोराला नोकरी लावली."

मग तू आवाज खाली आणलास. "चंदे, ते सगळं मी कुणासाठी काढलं? तुला कळत न्हाई का? तीस वर्सं कुणासाठी गप बसलोय?"

आणि ठेवलास.

चार दिवस मी या वाक्याभोवती फिरते आहे. पहिले दोन दिवस मला शरम वाटली. तिसऱ्या दिवशी संताप आला, आणि तो मला जास्त खरा वाटतो, म्हणून तोच लिहिते. तू गप्प बसलास ते माझ्यासाठी, असं तू मला ऐकवलंस. तू माझ्यासाठी गप्प बसला असतास तर गप्पच बसला असतास. जोतिबा दारू पिऊन, न विचारता पेवात उतरला, असं फौजदाराला लिहून दिलं नसतंस. ते गप्प बसणं नव्हे. ते बोलणं होतं, आणि ते खोटं होतं.

आता माझं. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. डायरीलासुद्धा नाही. तुला सगळं माहीतच आहे, पण माझ्या तोंडून तू ते कधी ऐकलं नाहीस.

पंच्याण्णवची दिवाळीची सुट्टी. अण्णा मिरजेला ऑपरेशनसाठी दाखल, त्यामुळे पेव फोडायचं काम पहिल्यांदाच एकट्या तुझ्याकडे. तू चोवीस वर्षांचा. भाव चढलेला, ट्रक येऊन उभा. सकाळी दहाला तोंड उघडलं होतं. मी बाराच्या सुमाराला तुझा डबा घेऊन आले. हरिबाला तू पोती आणायला पाठवलं होतंस, जोतिबा काठावर बसून होता. तू कंदील सोडलास, तो विझला. वर काढून पेटवलास, परत सोडलास, परत विझला.

तू म्हणालास, "वाऱ्यानं विझतोय."

जोतिबा म्हणाला, "वारं कुटं हाय, मालक? घटकाभर ऱ्हाऊ द्या की."

ट्रकवाल्यानं हॉर्न वाजवला. तू घड्याळ बघितलंस. आणि मी डब्याच्या पिशवीतून माझी बॅटरी काढली. दहावीला चौऱ्याऐंशी टक्के मिळाले म्हणून अण्णांनी दिलेली, तीन सेलची, चंदेरी. मी ती सगळीकडे घेऊन फिरायची, भरदुपारीही. मी म्हटलं, "दादा, ही सोड की. ही विझत नाही."

मला तो माझा आवाज आठवतो. शहाणपणाचा आवाज होता. मोठ्या माणसांना न सुचलेलं आपल्याला सुचलं, याचा.

तू ती दोरीला बांधलीस. खाली लख्ख उजेड पडला. तू म्हणालास, "बघ जोतिबा, तळ दिसतोय." त्यानं तुझ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. आणि हसून म्हणाला, "आक्कांची बॅटरी हाय म्हटल्यावर उतराय पायजेच."

मग तो उतरला. तळाला पोचल्यावर त्यानं धरलेली दोरी सैल झाली. तू दोन हाका मारल्यास. हरिबा पोती घेऊन आला तेव्हा ट्रकवरच्या तिघांनी त्याला धरून ठेवलं, नाहीतर तोही गेला असता. जोतिबाला वर काढायला संध्याकाळ झाली. तोवर बॅटरी खाली लागलेलीच होती. तिला हवा लागत नाही.

मी अजाण होते, असं मी स्वतःला अनेक वर्षं सांगितलं. पण त्याच वर्षी विज्ञानाच्या पेपरात मेणबत्तीवर पेला झाकला तर काय होईल, हा प्रश्न मी बरोबर सोडवला होता. कंदील का विझतो, हे मला माहीत होतं. पेवावर उभी असताना ते माझ्या डोक्यात आलं नाही, की आलं आणि हुशारी दाखवायच्या नादात मी ते बाजूला सारलं? प्रामाणिकपणे सांगते, मला ठरवता येत नाही. तुझं मात्र ठरवता येतं. कंदील हवेसाठी सोडतात, उजेडासाठी नाही, हे अण्णांच्या हाताखाली सहा वर्षं काढलेल्या माणसाला कळत होतं. मी बॅटरी दिली. त्या उजेडावर माणूस तू उतरवलास.

त्या दिवसाची माझी डायरी काल काढली. पाच ओळी आहेत. शेवटची ओळ: "माझी बॅटरी हरवली." मी डायरीत खोटं लिहीत नाही, असं मी वर्गात मुलांना सांगत आले.

आणि एवढंच असतं तर मी तुझ्यावर वरच्या पट्टीत रागावू शकले असते. पण अजून एक आहे. मागच्या ऑगस्टमध्ये शिवांजली हरिबाचं बोलणं रेकॉर्ड करत होती, तेव्हा फोन मीच हातात धरला होता. तो म्हणाला, "त्या दिशी कंदील न्हवताच. बॅटरी सोडली हुती. बॅटरीचं काय, ती पान्यातबी लागती." तिनं विचारलं, कुणी सोडली? तो म्हणाला, "आसंल कुनीतरी. ल्हान पोर हुतं." आणि त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. इतकं न बघणं मी कुणाचं पाहिलेलं नाही.

साताऱ्याला परतल्यावर मी शिवांजलीला म्हटलं, तेवढी दोन-तीन वाक्यं काढ, लांबण लागते. ती म्हणाली, "मॅडम, पण तेच तर सांगायचंय ना?" मी म्हटलं, ऐकणाऱ्याला संदर्भ लागणार नाही. तिनं काढली. मार्गदर्शक म्हणून तिनं माझं ऐकलं. तेव्हा, दादा, हरिबाचा आवाज आधी मी कापला. तू राहिलेला कापलास, तेही सहा महिन्यांनी, आणि मी त्यावर तुला चार पानं सुनावली.

दर वर्षी पर्युषण संपलं की आपण क्षमावाणीला सगळ्यांना हात जोडतो, कळत-नकळत काही घडलं असेल तर उत्तम क्षमा. तू पेढीवरच्या हमालांनाही हात जोडतोस, हरिबालाही जोडले असशील. गेल्या वर्षी मी दीडशे जणांना तो संदेश पाठवला. "कळत-नकळत" हे शब्द आपण किती सोयीनं वापरतो. कळत काय आणि नकळत काय, हे समोरच्याला सांगायचं नसतं म्हणूनच ना?

मी हरिबाकडे जाणार आहे. तू येणार असशील तर गुरुवारी दुपारी बाराला हरिपूरच्या थांब्यावर ये. मी वाट बघेन.

चंदना


सातारा
रविवार, २३ फेब्रुवारी

दादा,

तू आला नाहीस. मी पाऊण तास थांबले.

हरिबा दारात बाजेची नवार बदलत होता. मी फोन नेला नव्हता, शिवांजलीलाही नेलं नव्हतं. चहा झाला. त्याच्या सुनेला मी म्हटलं, तूही बस. मग मी म्हटलं, "हरिबा, ती बॅटरी माझी होती."

तो नवार ओढत राहिला. "ठावं हाय."

"कधीपासून?"

"तवापास्नंच की. वर आली तवा मीच सोडवली दोरीची. तुमचं नाव हुतं तिच्यावर, कोरल्यालं. मला तेवडं वाचाय येतं."

विसरलेच होते मी. घरातल्या भांड्यांवर नावं कोरणारा आला होता, तेव्हा अण्णांनी बॅटरीवरही घालून घेतलं होतं, कु. चंदना. ती कुठं आहे, असं मी विचारलं. "नदीत टाकली. ठिवून काय करू?"

"मग कधी बोलला का नाहीत?"

त्यानं पहिल्यांदा हात थांबवले. "कुनाला बोलू? फौजदारानं मला इच्यारलं न्हाई. तुमच्या अण्णांनी इच्यारलं न्हाई. ही वडूजची पोरगी आली, तिनं पयल्यांदा इच्यारलं. तवा तुमी हितंच बसला हुता, फोन धरून. म्हटलं बघू, बाई काय म्हंत्यात. तुमी काय म्हनलाच न्हाईसा."

मी क्षमा मागायला तोंड उघडलं, तर तो म्हणाला, "ते ऱ्हाऊ द्या. माफी घिऊन मी काय करू? त्यो दारू प्याला न्हवता, एवडं सांगा. आयुष्यात थेंब घेतला न्हाई त्यानं. कागदावर लिवलंय ते खोटं हाय म्हना. त्याच्या पोरीच्या लग्नाला लोकांनी तेच काडलं, बापच तसा म्हनून."

सून म्हणाली, "मामंजी, ऱ्हाऊ द्या आता."

"का ऱ्हाऊ दे? तीस वर्सं ऱ्हाऊच दिलं की." आणि मला, "मालकांस्नी इच्यारलं का तुमी?"

मी म्हटलं, बोलावलं होतं.

"मग?"

मी नकारार्थी मान हलवली. तो पुन्हा नवारीला लागला. त्यानं मला माफ केलं, असं तुला वाटू नये म्हणून लिहिते. केलेलं नाही. निघताना फक्त म्हणाला, "सांगा जावा मग. येळ घालवू नका."

काल मी शिवांजलीला सगळं सांगितलं. वर्गात मी कधी इतकी वाईट बोलले नसेन. ती ऐकून घेऊन म्हणाली, "म्हणजे मॅडम, ती वाक्यं तुम्ही यासाठी काढायला लावलीत." मी म्हटलं, हो. ती उठून गेली. मला वाटलं, गेली. दहा मिनिटांनी लॅपटॉप घेऊन आली आणि म्हणाली, "जुनी फाइल आहे माझ्याकडे. मी मूळ आवाज कधी पुसत नाही."

तर आता काय झालं आहे ते ऐक. पाट्यांवरचा कोड तिच्या पत्त्यावर जातो, आणि तो पत्ता कुठं वळवायचा ते तिच्या हातात आहे. तुझ्या पुण्याच्या माणसानं चार वेळा पासवर्ड मागितला, तिनं दिला नाही. आज सकाळी साडेनऊपासून तुझ्या पेढीचं नाव असलेल्या बाराही पाट्यांवरून तिचं पान उघडतं. कंदील आहे. हरिबा आहे, पूर्ण आहे, बॅटरीच्या वाक्यांसकट. कंदील विझला तर आता त्या अक्षरांखाली एक नाव येतं, जोतिबा, आणि तारीख. त्याच्याखाली, तो दारू प्यायलेला नव्हता.

त्या नावाला बोट लावलं की माझा आवाज येतो. एक मिनिट वीस सेकंद. माझं पूर्ण नाव, माझं वय तेव्हाचं आणि आताचं, बॅटरी कुणाची होती, मी काय म्हणाले आणि तो काय म्हणाला. पोलिसात दिलेला जबाब खोटा आहे, हे मला माहीत होतं, हेही. अकरा वेळा रेकॉर्ड केलं. दहा वेळा आवाज कापरा आला आणि तो कापरा आवाज मला ढोंगी वाटला. अकराव्या वेळी सरळ वाचून काढलं, तेच ठेवलं.

प्राचार्यांना मी लेखी दिलं आहे की पत्ता वळवण्याचा निर्णय मार्गदर्शक म्हणून माझा आहे, मुलीचा नाही. खरं तर तो दोघींचा आहे, पण नोकरी माझी पक्की आहे आणि तिची अजून लागायची आहे. हे एक खोटं मी जाणूनबुजून लिहिलं, आणि त्याबद्दल मला काही वाटत नाही. पाट्या तुझ्या आहेत. तू त्या उद्या उपटून नेऊ शकतोस. मग बारा खड्डे दिसतील, आणि लोक विचारतील तेव्हा हरिबा सांगेल. आता त्याला विचारणारे पुष्कळ असतील.

तुझं नाव मी कुठंही घेतलेलं नाही. मी म्हटलं आहे, तिथं त्या वेळी आणखी एक माणूस होता, निर्णय त्याचा होता. यावर माझं आणि शिवांजलीचं भांडण झालं. कारण मी तिला पानावर माझ्या आवाजाशेजारी दुसऱ्या आवाजाची एक जागा करायला लावली. ती म्हणाली, "मॅडम, लोक ते दाबणार आणि काहीच ऐकू येणार नाही. त्यांना वाटेल पान बिघडलंय. याला वाईट डिझाइन म्हणतात." मी म्हटलं, असू दे. तिनं खूप वाद घातला, मग कुरकुरत केलं. तिथं लिहिलं आहे, "काठावर उभा असलेला दुसरा माणूस." दाबलं की एक मिनिट वीस सेकंद जातात, माझ्या आवाजाइतकेच, आणि काही ऐकू येत नाही.

अठ्ठावीसला परीक्षक ते दाबतील. तुझे व्यापारी दाबतील, गावातली पोरं दाबतील, वहिनी दाबतील. रेकॉर्ड करायला फोन पुरतो, शिवांजली दहा मिनिटांत बसवून देते. मी तिला सांगून ठेवलं आहे की तुझा आवाज आला तर मला विचारायला थांबू नकोस.

त्या दिवशी काठावर असलेल्या दोघांपैकी एक,
चंदना